पाळी येऊन गेली की बोलू

"पाळीची बस आली रे! कोणाला जायचंय पाळीला?"

बाब ओरडला आणि ऑफिसातले सगळे पुरुष हसले. वजन करणारा हसला. टेम्पोचा ड्रायव्हर हसला. काजूबी विकायला आलेला एक म्हातारा बाकावर बसला होता, त्याला काय झालं ते कळलंही नव्हतं, तोसुद्धा हसला. मी दारात उभी. हात पुढे केलेला. बाबने त्या हातावर चावी टाकली. ठेवली नाही, वरून टाकली.

संडासाची चावी.

आमच्या पेडण्यातला हा काजूचा कारखाना भाटकाराचा. भाटकार म्हणजे जमीनदार. आमचं राहतं घरसुद्धा त्याच्याच जमिनीवर. म्हातारे भाटकार आता घराबाहेर पडत नाहीत, कारखाना त्यांचा धाकटा मुलगा बघतो. त्याला सगळे बाब म्हणतात. वयाने माझ्याहून लहान आहे. पुण्याला शिकून आलाय, शुद्ध मराठी बोलतो. समोर मीही त्याला अहो-जाहो करते. इथे नाही करणार.

कारखान्यात काम करतात त्या जवळजवळ सगळ्या बायका. बी कापायची, गर भाजून सुकला की साल काढायची, मग निवडायचं. अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. मी निवडीच्या मेजावर. बायकांना एक संडास, आणि त्याची चावी बाबच्या कदेलीच्या पाठीमागे खिळ्याला टांगलेली. कदेल म्हणजे त्याची खुर्ची. चावी हवी असेल तर त्याच्यासमोर उभं राहायचं, सगळ्यांदेखत मागायची, आणि तो उठेपर्यंत वाट बघायची. का? तर म्हणे चावी बायकांकडे दिली की त्या आत जाऊन मोबाईल बघत बसतात. पुरुषांना चावी लागत नाही. त्यांना सगळं काजूचं रान मोकळं.

आता ती पाळीची बस. मी पाळीची. डिचोली तालुक्यात पाळी नावाचा गाव आहे, खाणींचा. माझा बाबा दोडामार्गाकडून तिथे आला, खनिजाचा टिपर चालवायला. मी तिथेच जन्मले. घराच्या भिंती लाल, दोरीवरचे कपडे लाल, बाबाच्या कानातला मळसुद्धा लाल. गाव चांगला आहे. त्याच्या नावात काही वाईट नाही. पण डिचोलीच्या हायस्कुलात पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, कुठची गं तू? मी म्हटलं, "मी पाळीची." मागच्या बाकावर जे फिस्स झालं ते दहावीपर्यंत थांबलं नाही. स्टँडवर कंडक्टर ओरडायचा, "पाळी, पाळी, पाळी, चला पाळी!" आणि आम्ही पोरी खाली मान घालून चढायचो. काय करणार? गावाचं नाव बदलता येत नाही, आणि दुसरी पाळीही टाळता येत नाही.

लग्न होऊन पेडण्याला आले तेव्हा मनात म्हटलं, चला, सुटले. कसलं सुटणं! कामाला लागले त्या आठवड्यात बाबने विचारलं, माहेर कुठलं? सांगितलं. त्याचे डोळे चमकले. पुढे मी पहिल्यांदा चावी मागायला गेले, तेव्हा ही बस सुटली ती सुटलीच. नंतर कुणीही बाई चावी मागायला गेली की हीच आरोळी. मग ती पेडण्याची असो, मोरजीची असो. माझ्या गावाच्या नावाने सगळ्यांची लाज निघायची. आणि बायका माझ्याकडे बघायच्या, जणू मीच त्याला शिकवलं.

मी काय केलं? हसले. खोटं का सांगू, पहिली दोन वर्षं मीही हसले. हसलं की लवकर सुटका होते.

आता दुसरी गोष्ट सांगते. ती सांगताना मला जास्त थकायला होतं.

महिन्यातला एक आठवडा मी माणसात नसते. पाळी यायच्या आधीचा आठवडा. बाकी दिवस मी ठीक. हसते, भांडते, मासे खाते, रात्री पडल्या पडल्या झोपते. मग एका सकाळी उठते आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होतं. काही झालेलं नसतं. चहा तोच, घर तेच. पण सगळ्याचा वीट येतो. कुणी हळू बोललं तरी कानाला लागतं. कुणी बोललं नाही तर वाटतं, मुद्दाम बोलत नाहीत. छाती दुखते, पाय सुजतात, झोप उडते. एकदा पदेराने, म्हणजे आमच्या पाववाल्याने, एक उंडो कमी टाकला तर मी पायरीवर बसून रडले. एका उंड्यासाठी! तो बिचारा सायकल धरून उभा, "वयनी, घेवा गो, दोन घेवा," म्हणतोय, आणि मला थांबताच येईना.

आणि त्याहून वाईट. मी नसले तर सगळ्यांना बरं पडेल, असं वाटायचं. स्वयंपाक करताना वाटायचं, भांडी घासताना वाटायचं. रडू न येता, शांतपणे वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? कारण पाळी आली की दुसऱ्याच दिवशी सगळं उतरायचं. ऊन पडल्यावर आदल्या दिवसाचा पाऊस खरा वाटत नाही, तसं. मग मलाच वाटायचं, मी नाटकं करते.

घरी सासूचं एकच. "हिच्या आंगात भार येता." भार म्हणजे अंगात येणं. देव म्हणा, देवचार म्हणा, कुणीतरी. तिने नारळ ओवाळून टाकला, अंगारा लावला, कौल घेतला. देवाने कौलही दिला म्हणे. हिच्या माहेरचा डोंगर खाणीने खणला, तिथल्या राखणदाराची, म्हणजे डोंगर राखणाऱ्या देवाची, जागा गेली, तो हिच्या मागून इकडे आलाय. मी ऐकून घेतलं. मनात आलं, डोंगर खणला कोणी, पैसा नेला कोणी, आणि राखणदाराला राग काढायला सापडली कोण? टिपरवाल्याची पोर.

माझा घरकार, म्हणजे नवरा, मोटारसायकलवर भाडी मारतो. वाईट नाही. त्या आठवड्यात तो जेवून गुपचूप बाहेर जायचा आणि मी झोपल्यावर यायचा. मी झोपलेली नसायची.

आता त्या दिवसाचं.

आमच्याकडे एक नवीन पोर लागली होती, सुलू. नुकतं लग्न झालेलं, सावंतवाडीकडची, आमच्यासारखीच पोटासाठी इकडे आलेली. सालं काढायला बसायची. दुपारच्या आधी ती माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "वयनी, माका कावळो शिवलो. आज अचानकच." म्हटलं, जा, चावी घेऊन ये. ती म्हणाली, "माका लाज दिसता. तो ओरडता." म्हटलं, ओरडू दे, तू जा.

ती गेली. परत आली ती रिकाम्या हाताने. बाब फोनवर होता. म्हापशाच्या व्यापाऱ्याशी बोलत होता. हाताने तिला 'थांब' केलं. ती थांबली. तो बोलत राहिला. मग टेम्पो आला, तो उठून टेम्पो बघायला गेला. ती आपली बारदानावर येऊन बसली. हलली नाही. जेवणाची सुट्टी झाली, सगळ्या उठल्या, ही उठेना. सुभद्रावयनीने, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात म्हातारीने, तिला हाताला धरून उठवलं. बारदानावर डाग. साडीवर डाग. वजन करणारा तिथेच उभा होता. त्याने बघितलं आणि तोंड फिरवलं, पण हसू आवरत होता.

ते माझे वाईट दिवस होते. हे मी आधीच सांगून टाकते, लपवत नाही. सकाळपासून हात कापत होते, अख्खा गर पाकळीत पडत होता. मी निवडीचं सूप उचललं आणि तशीच ऑफिसात गेले आणि बाबच्या मेजावर ते सूप उपडं केलं. गर सगळीकडे उडाले. मी ओरडत होते. काय ओरडले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की, "तुमच्या घरच्या बायकांची चावी कोणाकडे असते?" असं विचारलं. आवाज फाटला होता. नाकातोंडातून पाणी येत होतं.

बाब रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीत मागे टेकला. कॅलेंडरकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि एखाद्या पोराला समजवावं तसा हळू आवाजात म्हणाला,

"पाळीच्या बाईला पाळी येणार असेल. घरी जा तू. पाळी येऊन गेली की ये, तेव्हा बोलू."

सगळे हसले. आणि सांगू? दोन बायकाही हसल्या. मी खाली बसून गर गोळा केले. एकेक. कोणी सांगितलं नव्हतं. हातच करत होते. मग घरी गेले.

सुलू दुसऱ्या दिवशी आलीच नाही. माझी पाळी दोन दिवसांनी आली. त्याचंच म्हणणं खरं ठरलं, म्हणजे बघा.

ते मला फार लागलं. रात्रंदिवस एकच. मी ओरडले ती सुलूसाठी, की रक्तातल्या कशासाठी? सूप उपडं करणारी मी होते, की तो आठवडा? माझा राग माझा आहे की नाही, हेच मला कळेना. माणसाकडे दुसरं असतं काय? भाटकाराची जमीन, भाटकाराचं काम, भाटकाराची चावी. राग तेवढा आपला होता. तोही पाळीचा निघाला.

म्हापशाला एका डॉक्टरबाईकडे गेले. घरी सांगितलं, दातासाठी. बाहेर बायकांची ही रांग. डॉक्टरबाई दमलेली. मी पायाची सूज सांगितली, झोप सांगितली, आणि उठता उठता ते सांगितलं, मी नसले तर बरं पडेल असं वाटतं ते. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "बस परत."

तिने खूप विचारलं. कधी सुरू होतं, कधी उतरतं, मधल्या दिवसांत कसं असतं. म्हणाली, दोन पाळ्या नीट लक्ष ठेव आणि परत ये, आणि मधे फार वाईट वाटलं तर रांगेत न थांबता थेट आत ये. मी लक्ष ठेवलं, परत गेले. तेव्हा तिने सांगितलं.

तिचं बोलणं मी माझ्या शब्दांत सांगते. पाळीच्या आधी बाईच्या अंगातली दोन हार्मोन्स, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, चढतात आणि मग उतरतात. प्रत्येक बाईची. भाटकारणीची पण आणि माझी पण. माझी काही जास्त नाहीत, रक्त तपासलं तर सगळं ठीकच दिसेल. फरक मेंदूत. मेंदूत सेरोटोनिन म्हणून एक रसायन असतं, ते मनाचा तोल धरतं. हार्मोन्स उतरू लागली की काही बायकांच्या मेंदूत त्याचाही तोल जातो. आणि प्रोजेस्टेरॉनपासून आणखी एक द्रव्य तयार होतं. बहुतेकींचा मेंदू त्याने शांत होतो. काहींना तेच उलटं लागतं. जे औषध एकीला गुंगी देतं, तेच दुसरीला जागं ठेवतं, तसं. "अजून सगळं कळलेलं नाही," ती म्हणाली. "पण तू नाटक करत नाहीस, एवढं नक्की. थोडं चिडचिडायला होणं वेगळं. तुझं त्याच्या पुढचं आहे. आजार आहे, नाव आहे त्याला, गोळी आहे."

मी विचारलं, "आंगात भार येता, तो हो न्हय मगे?"

ती हसली नाही. म्हणाली, "नाही."

मग मी ज्यासाठी गेले होते ते विचारलं. सूप, सुलू, बाब, सगळं सांगितलं. म्हटलं, मग माझा तो राग खरा होता की रसायनाचा?

तिने घड्याळाकडे बघितलं. बाहेर बायका होत्या. म्हणाली, "ते मला तपासता येत नाही. त्या मुलीला चावी दिली नव्हती, हे खरं आहे ना?"

म्हटलं, "व्हय."

"मग झालं," म्हणाली आणि पुढचीला हाक मारली.

बसमध्ये बसून मी तेच चघळत आले. चावी दिली नव्हती. वाईट दिवसातही दिली नव्हती आणि चांगल्या दिवसातही दिलेली नसणार. साधी गोष्ट. मला ती कळायला एवढे दिवस का लागले? कारण प्रत्येक वेळी मी आधी स्वतःला तपासत बसायचे, आणि समोरचा तोपर्यंत निघून जायचा.

गोळी सुरू केली. फरक पडला, थोडा. छातीवरचा पाटा गेला नाही, हलका झाला. ते 'मी नसले तर' मात्र कमी झालं, आणि आलं तर मी ओळखू लागले. आलास? बस. जाशील.

मग मी ठरवलं, चांगल्या दिवसात जाऊन बोलायचं. त्यानेच सांगितलं होतं ना, पाळी येऊन गेली की ये? तर पाळी येऊन गेली, न्हाणं झालं, झोप पुरी झाली, आणि मी धुतलेली साडी नेसून बाबकडे गेले. गोड बोलले. अगदी लोण्यात सुरी. म्हटलं, बाब, चावी आमच्या निवडीच्या खोलीत खिळ्याला लावली तर तुमचाही त्रास वाचेल.

बाब खूश झाला. चहा मागवला माझ्यासाठी. म्हणाला, "बघ, आज कशी शहाण्यासारखी बोलतेस! म्हणजे आता त्रास नाही ना काही?"

"आता नाही."

"मग झालं तर. त्रास नाही, तर चावी कशाला?"

चहा प्याले. उठले. जाताना मला हसूच आलं, खरंच. रडत बोलले तर पाळी बोलते. हसत बोलले तर त्रासच नाही. म्हणजे बाईने बोलावं असा दिवस महिन्यात आहे कुठला? वर्षाला एखादा तरी? आणि त्या क्षणी फार थकले मी. वाटलं, जाऊ दे. मरो ती चावी. घरी पाणीच पिऊन येऊ नये. बऱ्याच जणी तेच करतात. तहान मारतात. तुम्हाला माहीत नसेल, पण तहान मारायला शिकता येते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे मशिनींची पूजा असते. बॉयलर धुतात, कापायच्या मशिनींना झेंडूची माळ, नारळ, पेढे. एरवी घराबाहेर न पडणारे म्हातारे भाटकारही येतात. आणि गाऱ्हाणं घालतात. हे आमच्याच भागातलं. गावातला एक जाणता पुरुष हात जोडून देवाला सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं चालू असताना मधे कोणी बोलायचं नाही. राजा असला तरी नाही.

पूजेआधी बाब पुढे आला आणि बायकांना म्हणाला, "ज्या बाहेरच्या असतील त्यांनी गेटबाहेर थांबा." बाहेरची म्हणजे पाळी आलेली. सगळ्यांदेखत. मोठ्याने. कोणी हलेना. तो वाट बघत राहिला. शेवटी एक बाई पदर डोक्यावर घेऊन गेटबाहेर गेली. सुलू. चार महिने घरी बसून परवाच परत कामाला आली होती, दुसरं कोण ठेवणार म्हणून. तिच्या पाठीकडे सगळे बघत होते. मग बाब माझ्याकडे वळला. "आणि पाळीवाली? तू आत चालशील ना?"

मला अजून आली नव्हती. यायची होती. म्हणजे ते दिवस तेच. पाटा छातीवर. गोळी घेतलेली, तरी हात कापत होते, आणि डोळ्यांतून पाणी कधीच सुरू झालेलं.

म्हाताऱ्या सोनूकाकाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या मशिनींची पुजा केली ती मान्य करून घी म्हाराजा." व्हय म्हाराजा. "भाटकारांच्या धंद्याक बरकत दी म्हाराजा." व्हय म्हाराजा. "कोणाची वाकडी नदर आसात तर ती दूर कर म्हाराजा." व्हय म्हाराजा. त्याचं संपलं. तो नारळाला हात घालणार, तेवढ्यात मी हात जोडून पुढे झाले. बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. रडतच होते. पुसलं नाही.

"बा देवा म्हाराजा! हंय बायलमाणसां काम करतत म्हाराजा. तेंका पोट आसा म्हणान येतत म्हाराजा."

कोणी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही. माझा आवाज फाटलेला, नाक वाहत होतं.

"पोटाखाली आंग आसा म्हाराजा. त्या आंगाची चावी एका दादल्याच्या कदेलीफाटीं टांगलली आसा म्हाराजा."

बाब पुढे आला. "हिला बाजूला घ्या. हिला बरं नाहीये."

सोनूकाका वळला. त्याने काही माझी बाजू घेतली नाही, हे सांगते. त्याने रीत सांगितली. "बाब, गाऱ्हाण्यात मदीं उलोवचां न्हय."

बाब थांबला.

"ती चावी मागताना आमची लाज काडतत म्हाराजा. एका पोरीची साडी भरली म्हाराजा. आज तीच पोर गेटीभायर उबी आसा म्हाराजा. माका बरां नाय म्हाराजा, माजां डोकां दुखता, माजे हात कापतत, माका रडू येता. पण मी सांगतंय तां खोटां न्हय म्हाराजा!"

बॉयलरवरच्या माळेतून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं, संपलं, एकटीच पडले.

मग मागून सुभद्रावयनी. दात नसलेल्या तोंडाने. "व्हय म्हाराजा."

मग आणखी एक. मग चार-पाच. सगळ्या नाही. अर्ध्याही नसतील. ज्या हसल्या होत्या त्यांतली एक मात्र म्हणाली. बाकीच्या जमिनीकडे बघत राहिल्या, त्यांचीही घरं भाटकाराच्याच जमिनीवर. सोनूकाकाने नारळ वाढवला. पेढे वाटले. मला कोणी दिला नाही, मी मागितलाही नाही.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. घरकार माझ्याकडे न बघता मोटारसायकल पुसत बसला. सासू मात्र उजळलेली. माझ्या पायांना हात लावायला आली! "देवान बोलयलां गो तुका. मी सांगत नाय होतंय? भार आसा म्हणान!"

दुसऱ्या दिवशी भाटकारांनी घरी बोलावलं. घरकार बरोबर आला. म्हातारे भाटकार बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसलेले, बाब शेजारी उभा. आम्हाला बसायला सांगितलं नाही. म्हातारे तसे सभ्य माणूस. आवाज चढवला नाही.

म्हणाले, "जालां तां जालां. देवाच्या कामात भार येता कोणाकोणाक. तुका भार इल्लो, तुज्या तोंडातसून दुसरांच कोण उलयलां. तितक्यां चार माणसांत सांग. तुजां मेजावयलां काम तुका. घराचांय कायेक नाय. आमी सगळां विसारतलों."

घरकाराने माझ्या कोपराला हात लावला. हळूच. त्याचा चेहरा मी बघितला नाही, बघितला असता तर मी हरले असते. मला कळत होतं, किती स्वस्तात सुटतेय. एक वाक्य. भार होता, म्हणायचं. सासू खूश, घर शाबूत, काम शाबूत. माझे ते वाईट दिवस चालूच होते. डोळे सुजलेले. रात्रभर झोप नाही. कुठेतरी आडवं व्हावं, एवढंच वाटत होतं.

आणि मला दिसलं ते काय आहे. बाब म्हणतो पाळी बोलली. सासू म्हणते देव बोलला. भाटकार म्हणतात दुसरंच कोण बोललं. मी स्वतःच एकदा डॉक्टरबाईला विचारून आले होते, रसायन बोललं का? जो तो माझ्या तोंडात दुसऱ्याला बसवतोय. सगळे येऊन बसले. माझीच जागा नाही.

मी म्हटलं, "भार न्हय होतो."

घरकाराचा हात निघाला.

"माका पाळी येवची आसा. त्या दिसांत माजां डोकां जाग्यार नसता. तो आजार आसा, मी गोळी घेतंय. रडलंय ती मी. उलयलंय तीय मीच. दुसरां कोण न्हय होतां."

बाब म्हणाला, "बघा, स्वतःच कबूल करतेय."

"व्हय," म्हटलं. "कबूल. आता चावीचां सांगा."

चावीचं कोणी सांगितलं नाही.

आज मी कापणीला आहे. निवडीचं मेज गेलं. बी कापताना टरफलाचं तेल उडतं, हाताला राख चोळली तरी कातडी काळी पडते, सोलते. घराचं काय होईल ते माहीत नाही. घरकार बोलतो, पण कमी. चावी अजून त्याच खिळ्याला आहे. सुलू आता चावी मागायला एकटी जात नाही, आम्ही दोघी-तिघी जातो आणि बाब ती देईपर्यंत दारातून हलत नाही. तो ओरडतो. ओरडू दे.

पुढच्या महिन्यात तो आठवडा परत येणार. गोळी घेईन, तरी येणार. मी चिडेन, रडेन, माझे हात कापतील. त्या दिवसांत मी घरात लपणार नाही आणि चांगल्या दिवसांची वाटही बघणार नाही. रडू येत असेल तर रडत बोलेन. आवाज फाटला तर फाटल्या आवाजात. ज्याला उत्तर द्यायचं आहे त्याने चावीचं उत्तर द्यावं. माझे दिवस मी बघते.